मामांचं बसणं

मामांबरोबर मी साडेचार वर्षं नोकरी केली आणि त्यातली चार वर्षं तरी मामा उभे होते.

ते माझे सख्खे मामा नव्हेत, ऑफिसात कुणाचेच नव्हेत. नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची बियाणे कंपनी, तिच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने गृहस्थ म्हणजे मामा. आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. प्रत्येक लॉटमधल्या शंभर बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळायच्या, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि किती उगवल्या ते मोजायचं. हे काम सगळीकडे माणसं बसून करतात. मामांच्या टेबलाच्या चारही पायांखाली मात्र दोन-दोन विटा होत्या, आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा.

मी नवी होते तेव्हा मला वाटलं, काय कष्टाळू माणूस! मॅनेजरसाहेबांनाही तसंच वाटत असावं. एका मीटिंगमध्ये त्यांनी आम्हा पोरापोरींना सुनावलं, “मामांकडं बघा जरा. या वयात माणूस खुर्चीला अंग लावत नाही.” मामांनी मान खाली घालून ती स्तुती मुकाट्यानं पदरात घेतली. खरं कारण मला आठवडाभरानं कळलं. मामांना गळवं व्हायची.

एखाद-दुसरं नव्हे. एक फुटून सुकतंय तोवर दुसऱ्याला तोंड यायचं. कधी मानेवर, कधी काखेत, पण त्यांचा मुख्य मुक्काम माणूस जिथं टेकतो तिथं. आता आमच्या प्रयोगशाळेत निम्म्याहून जास्त मुली. मामा मूळचे टेंभुर्णीचे, जुन्या वळणाचे. पोरीबाळींसमोर त्या जागेचं नाव घेणार कसं? त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. अख्खा जालना जिल्हा त्यांनी स्वतःच्या अंगावर अंथरला होता. वरचे तालुके म्हणून मान म्हणजे भोकरदन. काख म्हणजे बदनापूर. पोट म्हणजे खुद्द जालना. आणि कमरेखाली मागच्या अंगाला डावीकडं अंबड, उजवीकडं घनसावंगी. त्याच्या खाली मांडी म्हणजे परतूर.

“मामा, आज कसं काय?”

“बदनापूर निवळलं, पोरी. पण घनसावंगीत सकाळपासून लई ठणकून राह्यलंय.”

आम्हाला ही भाषा पाठ झाली होती. नव्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. अंबडची एक मुलगी कामाला लागली, त्याच दिवशी मामा दारातून आत येता येता म्हणाले, “अंबडची हालत बिलकुल खराब हाय आज. फुटतंय का काय कुणास ठाऊक.” त्या बिचारीनं घाबरून जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला आणि गावात सगळं शांत आहे ना, असं विचारलं.

गळवाला गळू म्हणून गप्प बसणं मामांच्या स्वभावात नव्हतं. तीस वर्षं बियाण्यात घालवलेला माणूस. केसतोड म्हणजे लवकर येणारं वाण, करट म्हणजे देशी वाण, आणि खोल, मोठं, ताप आणणारं गळू म्हणजे संकरित. “ह्याला टाइम लागतो, पण उतारा बघ कसा येतो,” असं ते दात-ओठ खात सांगायचे. दुखत असतानाही सांगायचे, हे विशेष.

एकदा त्यांनी मानेवरच्या गळवाचा अगदी जवळून फोटो काढला. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या पुतण्याला पाठवायचा होता. तो गेला आमच्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर. तिथं रोज उगवलेल्या बियांचे फोटो पडत असतात. लाल, फुगीर, मधोमध पांढरा ठिपका. पाचव्या मिनिटाला मॅनेजरसाहेबांचं उत्तर आलं, “उगवण चांगली दिसते. लॉट नंबर टाका.” मामांनी काय टाकावं? त्यांनी टाकलं, “भोकरदन एक.” साहेबांनी लगेच पसंतीचा अंगठा पाठवला.

औषधं त्यांनी किती केली, ते सांगत बसले तर हा लेखही उभ्यानंच वाचावा लागेल. चहाच्या गाड्यावरच्या चाचींनी सांगितलं, “मामू, अलसी का पोटीस बांधो, सुबह तक मुँह आ जाता.” मामांनी अळशीचं पोटीस बांधलं. कुणी भाजलेला कांदा सांगितला, तर दोन दिवस प्रयोगशाळेत भज्यांचा वास दरवळला आणि सगळ्यांना उगाच भूक लागत राहिली. कुणी बिब्बा सांगितला. त्यानं गळू राहिलं जागच्या जागी आणि भोवतालची कातडी तेवढी भाजून निघाली. शिवाय मामा कुठलंही औषध सगळीकडं लावायचे नाहीत. अंबडला लावलं की घनसावंगी कोरडी ठेवायची. “एका अंगाला औषध, दुसरं तसंच. मंगच कळतं, गुण औषधाचा हाय का आपोआप आलाय.” प्लॉटवरच्या चाचणीचा हा नियम. त्यापायी त्यांचं निम्मं अंग कायम तत्त्वासाठी ठणकत असायचं.

डॉक्टरही झाले होते. चिरा दिला, पट्टी केली, गोळ्या दिल्या, आठ-पंधरा दिवस बरं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मामींचं म्हणणं एकच, ही उष्णता आहे. त्या गुलकंद खाऊ घालायच्या आणि मामा उभ्यानं खायचे.

एसटीतही ते उभे. मी एकदा त्यांच्याबरोबर भोकरदन गाडीनं गेले होते. गाडी निम्मी रिकामी आणि मामा वरचा दांडा धरून मधोमध.

“मामा, बसा की,” कंडक्टर म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या.”

“अहो, इतक्या सीटा मोकळ्या हायेत!”

“सीटा मोकळ्या हायेत हो. मी मोकळा न्हाई.”

त्या दिवशी आम्ही केदारखेड्याला एका शेतकऱ्याचा कापसाचा बीजोत्पादनाचा प्लॉट बघायला चाललो होतो. बियाण्यासाठी घेतलेल्या कापसाच्या आसपास ठरलेल्या अंतरात दुसरा कापूस नको, नाहीतर परके परागकण येऊन बियाण्यात भेसळ होते. मामांनी प्लॉटभोवती पावलं मोजत चक्कर मारली. सगळं बरोबर होतं. शेतकऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मागवला. तेवढ्यात मामा गोठ्यामागं गेले. तिथं उकिरड्यावर कापसाचं एक चुकार झाड उगवलं होतं, फुलांवर आलेलं.

“मामा, एकच झाड तर हाय,” शेतकरी काकुळतीला आला.

“एकच पुरतं,” मामा म्हणाले. स्वतःच्या हातानं ते उपटलं, प्लॉटच्या त्या अंगाच्या चार ओळी भेसळीच्या म्हणून बाद केल्या आणि मगच चहा घेतला. उभ्यानं.

परतीच्या गाडीत त्यांनी मला थोरल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. एरवी ते आपल्या दुखण्यावर स्वतःच हसायचे. ही गोष्ट सांगताना हसले नाहीत.

लग्न टेंभुर्णीला. आदल्या दिवशी अंबड आणि घनसावंगी, दोन्ही एकदम. कन्यादानाला बाप-आईनं पाटावर बसायचं असतं. मामा बसायला गेले आणि ओरडून उठले. मुहूर्त टळत होता. शेवटी धाकटा भाऊ आणि भावजय बसले. मामा मागं खांबाला धरून उभे. पाहुण्यांत कुणीतरी उठवलं की बापानं नवस केलाय, लेक सुखाची होईस्तोवर जमिनीला टेकणार नाही. म्हाताऱ्या बाया येऊन त्यांच्या पाया पडून गेल्या.

“मी काय बोलणार?” मामा म्हणाले. “पाया पडू दिलं. पण पोरगी सगळा वेळ मागं वळून वळून मलाच बघून राह्यली होती. तिचा हात माझ्या हातातून जायचा होता ना, पोरी.” मग म्हणाले, “धाकटीच्या टायमाला मी बसणार. काय बी होवो.”

हे ऐकून मला एवढं वाईट वाटलं की मीही जालन्यापर्यंत उभी राहिले. मामा म्हणाले, “तू बस की, तुला काय झालंय?” तेव्हा काही झालं नव्हतं.

झालं पुढच्या उन्हाळ्यात. माझ्या काखेत काखमांजरी उठली. हात खाली करवेना. मामांनी लांबूनच ओळखलं. “बदनापूर?” मी मान हलवली. त्यांना माझी दया आली आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबरीचं कुणीतरी भेटलं होतं. त्यांनी अळशी, कांदा, गुलकंद, सगळं क्रमानं सुचवलं. पण माझ्यात त्यांच्याइतकी सोशिकता नाही. ती बसली, महिन्याभरात दुसरी उठली, आणि मी तडक कातडीच्या डॉक्टरीण बाईंकडं गेले.

त्यांनी चिरा दिला आणि थोडा पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर समोर बसवून सांगितलं, “हे जंतू पुष्कळदा नाकात आरामात राहतात. तिथं काही त्रास देत नाहीत. हाताबरोबर कातडीवर जातात, आणि टॉवेल, वस्तरा असल्या वस्तूंवरून दुसऱ्याकडं. घरात कुणाला वरचेवर गळवं होतात?”

“नाही.”

“ऑफिसात?”

एवढं दुखत असताना मला जोरात हसू आलं. बाईंना वाटलं, पोरीला ताप चढला.

आता टॉवेलाचं सांगते. प्रयोगशाळेत बेसिनशेजारी खिळ्याला एक टॉवेल असायचा, निळ्या काठाचा. तो मामांचा. कंपनीचे कागदी रुमाल वाया जातात म्हणून त्यांनी तो घरून आणला होता. दर रविवारी ते स्वतः तो आपल्या कपड्यांबरोबर धुवायचे आणि सोमवारी घडी मोडून खिळ्याला लावायचे. आम्ही सगळे त्याला हात पुसायचो, उन्हातून आलो की तोंड पुसायचो, मान पुसायचो. मामाही. टॉवेल एक, माणसं अकरा.

हे त्यांना सांगायचं कसं? त्यांच्या धाकटीच्या लग्नाची तारीख ठरली होती, दोन महिन्यांवर. मामा घरी पाटावर गोधडीची घडी टाकून बसायचा सराव करत होते. भावानं फोन करून सांगितलं होतं, “दादा, तू काळजी करू नको. मी हाय की बसायला.” हा दिलासा मामांना गळवापेक्षा जास्त दुखला होता. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मी ओढणीला हात पुसताना त्यांनी पाहिलं.

“टावेल हाय की, पोरी.”

“मामा, मला बदनापूर झालं ना, ते ह्याच टॉवेलातून आलं असेल. डॉक्टरीण बाई म्हणाल्या.”

“ह्यातून? अगं, दर रविवारी धुतो मी.”

“तुमच्याच कपड्यांत ना?”

मामा म्हणाले, “एकच टावेल तर हाय.”

“एकच पुरतं, मामा.”

बोलून गेले आणि मला पश्चात्ताप झाला. त्यांचा चेहरा एकदम उतरला.  त्यांनी हळूच विचारलं, “तुझं माझ्यामुळं झालं?”

“खात्रीनं कोण सांगणार? आधी दुसऱ्याच कुणाकडून आलं असेल.”

“न्हाई, न्हाई. मी शेतकऱ्यांच्या ओळी बाद करून राह्यलो इतकी वर्षं, आन् माझं चुकार झाड मीच खिळ्याला टांगलं.” त्यांनी बिया उचलायचा चिमटा घेतला, टॉवेल त्या चिमट्यानं काढला आणि बादलीत टाकला. तो चिमटाही नंतर उकळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरीण बाईंकडं घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे मी स्कूटी चालवत होते आणि मामा शेजारून पायी चालले होते. स्कूटीवर उभं राहता येत नाही, हे त्या वाहनाविषयी त्यांचं पहिल्यापासूनचं गाऱ्हाणं. बाईंनी आधी साखर तपासायला लावली. ती सुदैवानं ठीक निघाली. मग त्यांनी विचारलं, “आधी कुठल्या गोळ्या घेतल्या?” मामांनी पिशवीतून प्लास्टिकची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत निरनिराळ्या रंगांच्या गोळ्या, वेगवेगळ्या पुड्यांत, प्रत्येक पुडीला चिठ्ठी बांधलेली.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“राखीव हायेत. गळू बसलं की उरलेल्या गोळ्या ठेवून देतो. पुढच्या टायमाला कामी येतात.”

बाईंनी एक पुडी उचलून तिची चिठ्ठी वाचली. डॉक्टरकीच्या पुस्तकात याला शब्द नसावा. मग मीच म्हटलं, “मामा, संकरित कापसाचं घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं, तर त्या शेतकऱ्याला तुम्ही काय म्हणता?”

मामा म्हणाले, “मूर्ख म्हणतो. राखलेल्या संकरिताला दुसऱ्या वर्षी गुण राहत न्हाई.” आणि त्यांना सगळं एकदम कळलं. बरणी त्यांनी स्वतःच बाईंकडं सरकवली.

मग बाईंनी नीट समजावलं. पू तपासून जी गोळी लागू पडते तीच घ्यायची, आणि सांगितले तितके दिवस, गळू बसलं तरी. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ नाकात मलम. औषधी साबणानं अंघोळ. चादरी, टॉवेल गरम पाण्यात, ज्याचे त्याचे वेगळे. आणि हे एकट्यानं नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी. मामांचा चेहरा उजळला. “म्हंजे बीजप्रक्रियाच की! बी पेरायच्या आधी बियाला औषध लावायचं. मी इतकी वर्षं नुसतं उभ्या पिकावर फवारून राह्यलो.” अंबडला औषध आणि घनसावंगी कोरडी, असं तर करायचं नाही ना, हे बाईंनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी आधीच कानावर घातलं होतं.

मामींना पटवायला मला त्यांच्या घरी जावं लागलं.

“दुखणं कुठं आन् मलम कुठं!” मामी कडाडल्या. “ह्यांचं बूड ठणकतंय आन् मी नाकात मलम घालू? चार माणसं हसतील.”

“कुणाला सांगू नका,” मी म्हटलं.

“मी न्हाई सांगणार. हे सांगतील की! अख्ख्या जालन्याला सांगतील!”

पण नवरा लेकीच्या लग्नात पाटावर बसेल म्हटल्यावर सगळ्यांत आधी मामींनीच नाक पुढं केलं. प्रयोगशाळेत मामांनी अकरा खिळे ठोकले. पट्टीनं अंतर मोजून, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. एकाचा टॉवेल वाऱ्यानं दुसऱ्याला लागला तर मामा दोन्ही बाद करायचे.

गुण आला. कायमचा आला असं म्हणणार नाही. मामा निवृत्त झाल्यानंतर एकदा त्यांचा फोन आला, “पोरी, परतूर तालुक्यात एक छोटंसं आलंय. डॉक्टरीण बाईकडं जाऊन राह्यलो. स्कूटीवर बसून चाललोय, बरं का.” पण तेव्हाच्या त्या दोन महिन्यांत एकही नवं उठलं नाही. मामा रोज सकाळी येऊन जिल्ह्याचा अहवाल द्यायचे, “सगळे तालुके शांत.” आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

लग्न पुन्हा टेंभुर्णीलाच. हळदीच्या दिवशी मात्र मामांनी घोटाळा घातला. नवऱ्या मुलाला लागलेली उष्टी हळद वाटीतून आली, तसे ते आडवे आले. ही हळद त्या वऱ्हाडातल्या वीस हातांनी कालवलेली, पोरीच्या अंगाला लावायची नाही. भेसळ आहे. वरपक्षाच्या बाया वाटी धरून तिथंच उभ्या. मामींनी एकदाच त्यांच्याकडं पाहिलं, आणि मामा बाजूला झाले. जाता जाता एवढंच म्हणाले, “आंब्याच्या पानानं तरी लावा. बोटं नका घालू.” ते ऐकलं गेलं.

दुसऱ्या दिवशी कन्यादानाची वेळ आली. दोन पाट मांडलेले. धाकटा भाऊ सोवळं नेसून तयार होता. आपणच बसायचं, असं तो धरूनच चालला होता. भटजींनीही सवयीनं त्यालाच बोलावलं. तो पाटापाशी पोचला आणि मामा मागून म्हणाले, “सरक.”

मांडवातली माणसं पुढं सरकली. मागच्या लग्नातल्या म्हाताऱ्या बाया माना उंच करून बघू लागल्या. मामांनी धोतराचा सोगा सावरला, एक हात मामींच्या खांद्यावर ठेवला आणि सावकाश, फार सावकाश, खाली गेले. पाटाला टेकले. क्षणभर डोळे मिटले. मी ओठ चावून बघत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि गर्दीत मला शोधून बोटांनी खूण केली, सगळे तालुके शांत.

विधी झाला. धाकटीचा हात त्यांच्या ओंजळीतून नवऱ्याच्या हातात गेला. भटजी म्हणाले, “आता उठा, यजमान.” मामा उठेनात. भटजी पुन्हा म्हणाले. वरपक्ष चुळबुळू लागला, पंगती खोळंबल्या होत्या. भाऊ वाकून विचारू लागला, “दादा, अडकलं का काय?”

“न्हाई रे,” मामा म्हणाले. “थोरलीचं बसायचं राह्यलंय. ते बी उरकून घेतो.”

थोरली मागं लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं लेकरू जवळच्या बाईकडं दिलं, पुढं आली, बापासमोर मांडी घालून बसली आणि आपला हात त्यांच्या ओंजळीत ठेवला. मामांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. भटजींनी घड्याळाकडं पाहिलं आणि पोथी मिटून मांडीवर ठेवली.

मी रडत होते. शेजारच्या बाईनं मायेनं आपला पदर पुढं केला. मी नको म्हटलं आणि माझ्याच रुमालानं डोळे पुसले.